नाक वरच्या अंगाला

३ ऑगस्ट, विमानतळ

आत्या,

तीर्थरूप वगैरे लिहिलं की तू म्हणतेस, "मला काय फोटोत घालून भिंतीवर टांगलंस का रे?" म्हणून नुसतंच आत्या. फोन तू उचलत नाहीस. चुकून उचललास तर माझा आवाज ऐकून ठेवून देतेस आणि शिंप्याच्या वहिनींना सांगतेस की रेंज गेली. पत्र असं मधेच कापता येत नाही. तुझा चष्मा तुला हवा तेव्हा कधीच सापडत नाही, त्यामुळे हे वहिनीच वाचून दाखवणार, तेही मला ठाऊक आहे. वहिनी, नमस्कार. मोठ्यानं वाचा. तिला ऐकू येतं, फक्त येत नाही असं दाखवते.

तुझा निरोप वहिनींकडून मिळाला. खांदा आता वर होत नाही, माणसं नदीपार न्यायची होडी तू चालवायला घेतोस की वहिनींना देऊन टाकू, हो की नाही एवढंच कळव. इतक्या वर्षांत तू मला धाडलेलं पहिलं वाक्य, आणि तेही प्रश्न. उत्तर देतो. पण आधी मी कुठं बसलोय ते ऐक.

मी विमानतळावर एका लांबलचक बाकावर, आठ आडदांड माणसांच्या रांगेत शेवटी बसलोय. आम्ही परदेशात चाललोय, होड्यांच्या शर्यतीला. हे वाक्य मी दोनदा लिहिणार होतो, पण वहिनींना दोनदा वाचावं लागेल.

शहरातल्या क्लबात मी होड्या धुवायला लागलो होतो. त्याआधी छापखान्यात होतो, त्याआधी ट्रकवर, त्याआधी एका माणसाबरोबर मधाच्या पेट्या घेऊन गावोगाव. ती गंमत वेगळीच आहे, मधमाश्या रात्रीत घर बदललेलं कसं ओळखतात माहीत आहे का तुला? असो. एक दिवस नदीच्या पलीकडच्या काठावर आमचा माळी बादली घेऊन चालला होता, त्याला मी इकडून हाक मारली. आमचे सर पायऱ्या उतरत होते. म्हणजे दिवसा शाळेत कवायत घेतात आणि संध्याकाळी क्लबातल्या वल्हेवाल्यांचा घाम काढतात ते. जागीच थांबले. म्हणाले, "हा आवाज कुठून आणलास?"

म्हटलं, "आत्याकडून."

त्याच सुमारास त्यांचा सुकाणूवाला लग्नानंतर असा काही सुटला होता की होडीच्या शेपटीत मावेना. सरांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. त्याला वेळ लागला नाही, मी आहेच केवढा. म्हणाले, "बस."

ही होडी तुला दाखवायला हवी होती. आपल्या होडीच्या कितीतरी पट लांब, पण इतकी अरुंद की खांब बसला की दोन्ही अंगांनी बाहेर येतो. खांब म्हणजे आमचा सगळ्यात उंच गडी, बेकरीत भट्टीवर असतो. आठही जण वल्ही मारतात आणि आठही जणांची पाठ जायच्या दिशेला. आपण कुठं चाललोय ते एकालाही दिसत नाही. पुढं तोंड करून बसतो तो एकटा मी, अगदी शेपटीत, हातात सुकाणूच्या दोन दोऱ्या धरून. डावी ओढली की नाक डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे. आणि तोंडानं त्यांना सांगत राहायचं, आता जोर, आता दमानं. पोराबाळांची माणसं, आत्या, कर्ज काढून घर बांधलेली माणसं, माझ्या शब्दावर पाठमोरी सुसाट सुटतात.

आणखी एक. मी नियमापेक्षा हलका निघालो. म्हणून शर्यतीत मला पायाशी वाळूची पिशवी घेऊन बसावं लागणार. तू विचारायचीस ना, खातोस ते जातं कुठं? ते आता पंचही विचारतायत.

विमानात बसायला बोलावलं. उत्तराचं राहिलं.

तुझा,
भिंगऱ्या

५ ऑगस्ट, खोलीवर

आत्या,

मला खिडकी मिळाली होती. खांबानं दिली. त्याचे गुडघे तिकडे मावत नव्हते, पण आपण असं म्हणू की त्यानं दिली.

वरून नदी दिसते. मला वाटलं होतं निळी दिसेल, नकाशात असते तशी. तशी नाही दिसत. उन्हाचा कवडसा पडला की एकदम पेटते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जणू कुणी तार गरम केली. मग ढग आला की विझते. कुणाची नदी होती कोण जाणे. मी खिडकीला नाक लावून बघत राहिलो. एवढ्या उंचीवरून माणूस दिसत नाही, घरसुद्धा दिसत नाही, तरी मला वाटत राहिलं की तिथं एका काठावर कुणीतरी उभं असणार आणि पलीकडे बघून हाक मारत असणार, आणि पलीकडे कुणीतरी जेवणावरून उठत असणार.

तू किती जेवणांवरून उठलीस? हाक मारणाऱ्या माणसाला काठावर ठेवायचं नाही, हा तुझा नियम. आठवतं, तापानं फणफणत असताना तू त्या बकरीवाल्यासाठी पलीकडे गेलीस, आणि त्यानं विचारलं, "बाई, किती वाजले?" बकरी त्यानं शेवटपर्यंत होडीत घातलीच नाही. मी तिथं हसून हसून लोळलो आणि तू मला वल्ह्यानं भिजवलंस. पण तू त्याला वेळ सांगितलीस. नीट, मिनिटासकट.

हां, इथलं सांगत होतो. खोलीत आम्ही चौघं आहोत, पलंग एकावर एक. खिडकीबाहेर सायकली लावायची जागा, त्यापलीकडे बंद पडलेला कारखाना, आणि त्याच्यामागे ते पाणी.

आत्या, ते पाणी हलत नाही.

तलाव आहे म्हणे. तलाव मी पाहिलेत, पण ते सगळे कुठून तरी येतात, कुठं तरी जातात, म्हशी बसतात, पोरं उड्या मारतात. हा नुसता आहे. पहाटे गेलो तर डोंगर वर होता तेवढाच खाली होता. उलटा, एकेका झाडासकट. कोणता खरा ते कळायला खडा टाकावा लागला असता, आणि खडा टाकायचं धाडस आमच्यापैकी एकाचंही झालं नाही. सर, जे सतत बोलतात, ते टोपी काढून उभे होते. बेकरीवाला खांब फक्त एवढंच म्हणाला, "याला कुणी इस्त्री केली?"

मी एक पान टाकलं. बघायचं होतं कुठं जातं. नाश्ता करून आलो, पान तिथंच.

आपली होडी आणली नाही आम्ही, ती आणायची म्हणजे अर्धा क्लब विकावा लागेल. इथल्या क्लबानं उसनी दिली. मी तिच्यावर हात ठेवला तर आतून माझा हात दिसेल असं वाटलं, इतकी पातळ. सरांनी ती पालथी घालून दोऱ्यानं मोजली, सुकाणू बघितलं. सरळ. नवीकोरी.

उद्या सराव आहे आणि परवा पहिली फेरी. तलावावर नारिंगी गोळ्यांच्या माळा टाकून सरळ पट्टे केलेत, प्रत्येक होडीला एकेक. आणि पार टोकाला एक उंच मनोरा. सर म्हणाले, "सोपं आहे. मनोऱ्याकडे नाक धर आणि तोंड चालू ठेव."

तुझ्या प्रश्नाचं असं आहे की मी विचार करतोय. वहिनी, तिला सांगा की मी खरंच विचार करतोय. इथं अंथरुणाला दोन उशा देतात. दुसरी कशाला असते?

तुझा,
भिंगऱ्या

७ ऑगस्ट, संध्याकाळ

आत्या,

आज आम्ही शेवटचे आलो. नुसते शेवटचे नाही, वाकडे.

सुरुवात चांगली झाली होती. सहा होड्या एका रेषेत, सगळं एकदम गप्प. पंचांनी दिवा लालचा हिरवा केला आणि एवढ्या सगळ्या वल्ह्यांची पाती एकदम पाण्यात शिरली. तो आवाज मला सांगता येत नाही. कुणीतरी प्रचंड मोठा कागद एका झटक्यात फाडावा तसा. मी ओरडत होतो, आपला पट्टा, आपला मनोरा, सगळं डोळ्यांसमोर. आणि थोड्या वेळानं बघतो तर नारिंगी गोळे डाव्या अंगाला अगदी जवळ आलेले. मी नाक उजवीकडे घेतलं. परत जवळ आले. परत घेतलं. मग डावीकडच्या वल्ह्यांची पाती गोळ्यांवर फाट फाट आपटायला लागली. मागच्या पंचांच्या होडीतून भोंग्यावर ओरडले, झेंडा दाखवला. वल्ह्यांचा ताल गेला. एकाचं वल्हं पाण्यात अडकून त्याच्याच पोटात बसलं. शेजारच्या पट्ट्यातले हिरव्या जर्सीवाले निघून गेले तेव्हा त्यांच्या सुकाणूवाल्या मुलीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण रस्त्यात पडलेल्या माणसाकडे बघतो.

काठावर आल्यावर जो तो आपापलं वल्हं पुसायला लागला. हे वाईट असतं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आमच्यातल्या एकानं बायकोचं बाळंतपण तोंडावर असताना रजा घेतलीय, तो बूट सोडत बसला होता, एकच नाडी परत परत.

सरांनी परत होडी पालथी घातली. परत दोरा. सरळ. मग माझ्याकडे वळले.

"डोळे ठीक आहेत ना तुझे?"

"हो सर."

"मनोरा दिसत होता?"

"पूर्ण वेळ दिसत होता, सर. खांबाच्या कानाशेजारी."

"मग तू धरलं कुठं होतंस नाक?"

"मनोऱ्याकडेच."

"पंच काय सांगतायत ते माहीत आहे का? सुरुवातीपासून डावीकडे जात होतास. एखादा ठरवून जातो तसा."

हरलेल्यांना आणखी एक संधी मिळते, परवा. त्यात पहिले दोन पुढं जातात. सर म्हणाले, तोवर विचार कर.

विचार कर. सगळे मला हेच सांगतायत.

वहिनी, ही ओळ वाटलं तर सोडून द्या. आत्या, मी निघालो त्या दिवशी तू सुताराकडून नवं वल्हं आणलं होतंस. माझ्या मापाचं, आखूड. तू ते भिंतीला लावून ठेवलंस. मी पिशवी खांद्याला लावली. मग ट्रकनं हॉर्न वाजवला तेव्हा तू म्हणालीस, "गेलास तर या धक्क्याला परत पाय लावू नकोस." मी म्हणालो, "बघतो."

काय बघतो? मला आजवर कळलेलं नाही मी तेव्हा काय बघणार होतो.

झोपतो. दोन्ही उशा डोक्यावर घेऊन.

भि.

८ ऑगस्ट, धक्क्यावर बसून

आत्या, आत्या,

हे मी होडीतून उतरून ओल्या पायांनीच लिहितोय, कागदावर डाग पडलाय तो तलावाचा आहे. वहिनी, हात लावून बघा, एवढ्या लांबचं पाणी तुमच्या घरी आलं.

आज सराव हलका होता. मी मनोऱ्याकडे बघून नाक धरलं. निघालो. आणि परत गोळे डावीकडून जवळ. तेवढ्यात खांबानं वल्हं थांबवलं. तो माझ्यासमोर बसतो, तोंडासमोर तोंड, माझे पाय त्याच्या पायांना लागतात इतकं जवळ. बाकीच्या सातांना तो दिसतो, त्याला मात्र दिवसभर मीच. त्यानं हात वर केला, सगळे थांबले.

म्हणाला, "तू कुणाशी भांडतोयस रे?"

"मी? कुणाशी नाही."

"मग डावा हात बघ तुझा."

बघितला. डावी दोरी इतकी घट्ट ओढून धरली होती की बोटं पांढरी पडलेली. आणि मला पत्ता नव्हता. शपथ सांगतो, मला वाटत होतं मी दोन्ही दोऱ्या सारख्याच धरल्यात.

"पहिल्या दिवसापासून बघतोय," खांब म्हणाला. "घरी, आपल्या क्लबात पण असंच धरतोस. मला वाटलं ही तुमची पद्धत असते."

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, चल पुढं, बेकरी उघडायची आहे का तुला इथं?"

"गप रे," खांब म्हणाला. मग मला म्हणाला, "सोड."

"काय?"

"दोऱ्या सोड. दोन्ही."

आत्या, सुकाणू सोडायचं नाही हे तूच माझ्या मनगटात घातलंयस. विंचू चावला तरी सोडायचं नाही. मी म्हटलं, होडी वाहून जाईल. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "कुठं?"

मी सोडल्या. त्यांनी वल्ही हाणली, एक, दोन, आणि थांबवली. होडी पुढं गेली. आणि जात राहिली. सरळ. मनोऱ्याच्या बरोबर मधे, जणू कुणी ओळंबा आडवा धरलाय. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. पाणी तिला कुठंच नेत नव्हतं. पाणी काही करतच नव्हतं गं! मी आयुष्यात पहिल्यांदा अशा पाण्यावर बसलो होतो ज्याला माझ्याकडून काही नको होतं.

आणि मग मला तू ऐकू आलीस. मी एवढासा होतो, तुझ्या पुढ्यात बसून सुकाणू धरलं होतं, समोरच्या काठावरच्या चिंचेकडे नाक केलं होतं, आणि तू माझा हात धरून वळवलास. "जिथं जायचंय तिथं नाक धरायचं नाही, वेड्या. वरच्या अंगाला धर. नदी आणून सोडते आपल्याला चिंचेखाली." आणि आणून सोडलं होतं. मला वाटलं होतं जादू आहे.

क्लबातही तीच नदी ना. तिथं धार तिरकी, उजव्या काठाला खेचते, म्हणून आमच्याकडे सगळेच नाक डावीकडे धरतात. ते कुणी शिकवत नाही, ते हातातच असतं. सरही त्याच नदीवरचे, त्यांना कसं दिसणार? मनोऱ्याकडे बघ म्हटलं की आमचा डोळा मनोऱ्याकडे बघतो आणि हात थोडा वरच्या अंगाला जातो. नसलेल्या धारेशी मी भांडत होतो.

सरांना सांगितलं. त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या. मग खुर्चीत बसून एवढे हसले की खुर्चीचा पाय मोडला. परदेशातली खुर्ची. आता ती भरून द्यावी लागेल का ते विचारायला गेलेत.

मी इथं एकटा बसलोय. डोंगर परत उलटा झालाय. मघाशी तेच पान शोधत होतो.

एक गोष्ट लिहिताना लक्षात आली. मी तुला इतकी पत्रं लिहिली, आणि एकातही तू विचारलंस तिकडे नाक धरलं नाही. विमान, उशा, बकरी. सगळं वरच्या अंगाला. वाटलं असेल की तू आपोआप वाहवत येशील आणि उत्तराखाली येऊन लागशील.

उद्या शर्यत आहे. झाली की लिहितो. सरळ.

तुझा,
भिंगऱ्या

९ ऑगस्ट, दुपार

आत्या,

केस ओले आहेत, त्याचं कारण पुढं येतं.

चार होड्या होत्या. पायाशी वाळूची पिशवी, समोर खांब. सुरू व्हायच्या आधी त्यानं माझी दोन्ही मनगटं धरली आणि हलवली, आपण भिजलेली फडकी झटकतो तशी. म्हणाला, "पाव भाजताना मी भट्टीवर हात मारत नाही. भट्टी भाजते." मला काही कळलं नाही, पण बरं वाटलं.

दिवा बदलला. मोठा कागद फाटला.

पहिली काही वल्ही डावा हात खेचायला बघत होता. मी त्याला सांगत होतो, नाही रे बाबा, इथं कुणी नाही. मी माणसांना ओरडत होतो आणि मनात हाताशी बोलत होतो. आणि मग कुठं तरी मधे, आत्या, आठही वल्ही एक झाली. हे रोज होत नाही. सर म्हणतात काहींना वर्षभरात एकदा मिळतं. पाती आत जातात तेव्हा आवाजच येत नाही, आणि होडी थोडी वर उचलली जाते, आणि तिच्या पोटाखालून बुडबुड्यांचा आवाज सुरू होतो. बारीक, सलग, पातेल्यात दूध तापायला लागतं तसा. मी त्या आवाजावर बसलो होतो. मी एकदाच मागं वळून पाहिलं, पाहायचं नसतं, पण पाहिलं. आमच्या मागं पाण्यावर रेघ होती. सुरुवातीच्या ठिपक्यापासून माझ्यापर्यंत, कुणी पट्टी लावून काढावी तशी. आणि दोन्ही बाजूंना वल्ह्यांच्या भोवऱ्यांच्या जोड्या, सारख्या अंतरावर, लांबपर्यंत. आम्ही नऊ माणसांनी ते काढलं होतं. एक बेकरीवाला, एक होणारा बाप, बाकीचे असेच, आणि मी, ज्यानं आजवर कुठंही सरळ जाऊन दाखवलं नाही.

तिसरे आलो. पुढं जायला दुसरं यायला हवं होतं. हिरव्या जर्सीवाल्यांच्या होडीचं नाक आमच्यापुढं होतं, हातभर म्हण. घरी जातोय आम्ही.

पण ऐक. पंचांनी पांढरा झेंडा दाखवला, सगळं स्वच्छ झालं म्हणून, आणि आमच्या होडीत सगळ्यांच्या माना खाली. मला वाटलं रडतायत. मग तो होणारा बाप मागून म्हणाला, "परत एकदा करायचं का?" एवढंच. सगळे हसायला लागले. खांबाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो मला म्हणत होता, "घाम आहे, घाम."

यांच्यात अशी रीत आहे की जिंकलेली माणसं सुकाणूवाल्याला उचलून पाण्यात फेकतात. आम्ही जिंकलो नव्हतो. सर म्हणाले, "नियमात असं कुठं लिहिलंय की तिसऱ्यांनी फेकायचं नाही?" दोघांनी हात धरले, दोघांनी पाय, आणि खांबानं मोजलं.

थंडगार! आत गेलो आणि डोळे उघडले. हिरवं, आणि खूप शांत. मी तसाच राहिलो. आपल्या नदीत पडलं की पहिलं काय करायचं, हातपाय मारायचे, नाहीतर घाटाच्या खाली वाहत जाशील. माझे हातपाय आपोआप हलणार होते. मी त्यांना थांबवलं. आणि बघितलं, पाणी मला कुठं नेतं. कुठंच नेलं नाही. जिथं पडलो होतो तिथंच वर आलो, खांबाच्या हाताखाली.

आता नाक सरळ धरून लिहितो. वहिनी, इथून पुढं सावकाश वाचा, आणि आवाज बदलू नका. हसू नका, रडूही नका. ती ऐकतेय.

नाही, आत्या. होडी मी घेणार नाही.

तुझं काही चुकलेलं नाही, आणि माझं मन पुढं बदलेल असंही नाही. मला होडी नको होती, तेव्हाही नको होती. मी "बघतो" म्हणालो आणि तू त्याचा अर्थ हो धरून बसलीस. खांद्याला तेल लावत बसलीस. वहिनी तुझ्या जागी वल्हं मारत राहिल्या आणि होडी आपली म्हणायला थांबल्या, कारण मी काहीतरी बघत होतो. होडी त्यांची आहे. दे त्यांना. ते आखूड वल्हं अजून भिंतीला असेल तर तेही दे, आम्ही एकाच उंचीचे आहोत, त्यांना बरोबर बसेल. वहिनी, धार चिंचेच्या वर थोडी जास्त खेचते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मी पुढं काय करणार ते मला माहीत नाही. सर म्हणतायत क्लबातच राहा. मी त्यांना "बघतो" म्हणणार होतो, जीभ चावली आणि "राहतो" म्हणालो. म्हणजे थोडे दिवस तरी. भिंगरी आहे, तिच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नये.

पण आधी मी तुझ्याकडे येणार आहे. पुढच्या आठवड्यात, आम्ही पोचलो की. तू म्हणाली होतीस या धक्क्याला पाय लावू नकोस. लावणार नाही. पूल ओलांडून बसनं येता येतं, पण तसाही येणार नाही. मी पलीकडच्या काठावर उतरेन, जिथं तो बकरीवाला उभा होता तिथं. सकाळची वेळ असेल, वारा कमी असतो, आवाज लांब जातो. आणि माझा आवाज कसा आहे ते आता परदेशातल्या पंचांनाही माहीत झालंय.

मी तिथं उभा राहून हाक मारेन. न्यायला यायचं की नाही ते तू ठरव.

तुझा,
भिंगऱ्या